वरच्या फळीवरचे सहा पिंजरे

बसा. तो टोपा काढा, हातमोजे टाका, हात दोनदा धुऊन या आणि मग डबा उघडा. आज तुमचा प्राणीघरातला तिसरा दिवस, आणि शनिवारपासून संध्याकाळची पाळी एकट्यानं बघायचीय, म्हणून एक गोष्ट सांगतो. तुम्ही जेवा, मी बोलतो. काल त्या म्हाताऱ्याची सांगितली ना, हे प्राणीघर पत्र्याची शेड होतं तेव्हापासून ज्यानं सांभाळलं त्याची? ही त्याच्याच घरातली. त्याच्या धाकट्या मुलाची, आणि नातीची.

म्हातारा जाऊन सहा वर्षं झाली. मागं तीन मुलं. थोरला बस चालवायचा, आता गुडघे गेले म्हणून डेपोत बसून चालकांच्या पाळ्या लावतो. मधली नर्स. तिला सगळं घर आत्याच म्हणतं, तिचे भाऊसुद्धा. आणि धाकटा बापाच्या जागेवर लागला, तो एकतीस वर्षं इथंच. लग्न नाही केलं. का नाही विचारलं तर म्हणायचा, "आठशे पिंजरे आहेत माझ्याकडं, अजून एक कशाला?"

थोरल्याला एकच मुलगी. तिला घरात डॉक्टर म्हणतात. आता पीएचडीला आली म्हणून नाही, चार वर्षांची असताना तिनं आजोबांच्या चपलेला बँडेज बांधलं होतं, तेव्हापासून. मोठी झाली, शिकली, आणि त्या आठ जणांत आली. आठ म्हणजे, या संस्थेत दरवर्षी आठच मुलं घेतात, अर्ज हजाराच्या वर. आणि घेतलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत दहा-दहा आठवडे राबायचं. त्याला फेरी म्हणतात. तीन फेऱ्यांत एका तरी गाईडनं म्हणायला हवं, ही पोर मला चालेल. कुणीच नाही म्हटलं तर वर्षाअखेर आपलं सामान उचलायचं.

डॉक्टरच्या पहिल्या फेरीचे सर मध्येच परदेशी निघून गेले. दुसरे म्हणाले, हुशार आहेस गं, पण माझ्याकडं जागा नाही. राहिली तिसरी फेरी. त्या जखमांवर काम करणाऱ्या मॅडमची.

आणखी एक सांगायचं राहिलं. इथं कुणालाही उंदराला हात लावायचा तर आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. उंदीर कसा धरायचा, पिंजरा कसा बदलायचा, कार्ड कसं वाचायचं. तुम्हीही घेतलंत. ते प्रशिक्षण गेली वीस वर्षं धाकटा द्यायचा. प्रमाणपत्रावर सही साहेबांची, शिकवणं याचं. पुतणीची तुकडी आली तेव्हा त्यानं तिला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आत ओळख दाखवायची नाही. तू विद्यार्थी, मी पिंजरेवाला. कुणी म्हणायला नको काकानं चिकटवली." तिनंही पाळलं. रांगेत उभी राहून अनोळखी माणसासारखी म्हणाली, "उंदीर शेपटीला धरायचा की मानेला?" आणि हा तिला सांगत होता, "मॅडम, पहिली गोष्ट. कार्डावर जे लिहिलंय तेच. लाल टिकली असेल तर आपल्या मनानं काहीही घालायचं नाही, काहीही काढायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

तर रविवारची दुपार. थोरल्याच्या घरी सगळे जेवायला. कारण शुक्रवारी मॅडमनी डॉक्टरला बोलावून सांगितलं होतं, जागा तुझी, सोमवारी दहाला ये आणि कागदावर सही कर. तिचा प्रयोग असा होता : बारा उंदीर, बारा पिंजरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाटाण्याएवढी जखम. भूल देऊन केलेली, तेवढं सगळं रीतीनं. सहांना औषधाचं मलम, सहांना साधं मलम. पंधरा दिवस मोजत बसायचं. आणि औषधवाल्या सहांच्या जखमा झपाट्यानं भरल्या होत्या. मॅडमनी म्हणे चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून आकडे दोनदा वाचले.

घरात सगळे खूश, आणि धाकटा तोंडात गुळणी धरल्यासारखा बसलेला. पानात वाढलेलं तसंच. आत्यानं बघितलं. नर्स ती, माणूस जेवत नाही हे तिला खोलीच्या दारातून दिसतं. जेवणं उरकल्यावर भांड्यांच्या निमित्तानं त्याला आत घेऊन गेली.

"बोल."

"काय बोलू?"

"पोट बिघडलंय, की मन?"

धाकट्यानं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात सांगायला बरं पडतं. "तिचं ते औषध. त्या औषधानं काही नाही झालेलं."

"मग?"

"मी कागद घातला."

आत्याला पुढं सांगायला लागलं नाही. त्या घरात वाढलेली ती. म्हातारा रोज संध्याकाळी शेडमधून निघताना प्रत्येक पिंजऱ्यात मूठभर फाडलेला कागद घालायचा. उंदीर त्याचं घरटं करतो, त्यात शिरून बसतो, ऊब धरतो. तेव्हा विकतचं काही मिळत नव्हतं, म्हणून घरी ही तिन्ही पोरं अभ्यास सोडून मऊ कागदाच्या पट्ट्या फाडत बसायची. बोटाभोवती गुंडाळायचा आणि नखानं चिरायचा, बोटाएवढी पट्टी. नातीलाही म्हाताऱ्यानं तेच शिकवलं होतं.

"पण जखमेच्या उंदरांना कागद घालत नाहीत ना?" आत्या म्हणाली.

"नाहीच. चिकटतो जखमेला. लाल टिकली होती कार्डावर. ढळढळीत."

"आणि तरी?"

"पहिल्या संध्याकाळी हात आपोआप गेला गं. वरच्या फळीवर वाऱ्याचं तोंड आहे, गार हवेचं यंत्र संध्याकाळी जोरात लागतं, आणि वरचे सहाही कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. घातला. सकाळी सातला बघतो तर टिकली. काढून टाकला." नळ चालूच होता. "दुसऱ्या संध्याकाळी टिकली बघूनच घातला. मग रोजच. मुलं नऊला येतात, त्याच्या आत काढायचो."

"अरे पण का?"

धाकट्यानं हातातलं ताट नळाखाली धरलं. मग म्हणाला, "तिचे उंदीर होते. तिच्या उंदरांना थंडी वाजायला नको असं वाटलं."

वरचे सहा म्हणजे औषधवाले सहा. खालच्या फळीवरचे साध्या मलमाचे. घरटं मिळालेला उंदीर निवांत झोपतो, त्याची जखम भरते. हे धाकट्याला एकतीस वर्षांच्या नजरेनं माहीत होतं. फक्त वरचे कोण आणि खालचे कोण हे माहीत नव्हतं, ते शुक्रवारी पुतणीच्या तोंडून कळलं.

आत्यानं नळ बंद केला. "आता हे इथंच राहू दे. सोमवारी तिची सही होऊ दे. तू अकरा महिन्यांत नोकरीतून सुटतोयस. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला काहीही कळतं. गप्प बस."

दारात वहिनी उभी होती. डॉक्टरची आई. चहाचं आधण ठेवायला आली होती आणि सगळं ऐकून बसली होती.

आता वहिनीचं ऐका, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ही बाई वीस वर्षं दवाखान्यांचे गणवेश शिवते. मुलीला पाचवीत चष्मा लागला तेव्हा, हिला पुढं सूक्ष्मदर्शकातलं नीट दिसेल ना म्हणून रडली होती. आत्याशी तिचं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं, कारण आत्यानं पोरीसाठी नर्सिंगचा अर्ज आणून दिला होता आणि वहिनीला वाटलं, ही माझ्या मुलीची उंची ठरवते. तेव्हापासून दोघी एका खोलीत असल्या तरी भिंतीला विचारायच्या, "चहा हवाय का कुणाला?" ती वहिनी आत आली, दार लोटलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आत्याकडं बघून म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबर आहे."

आत्याही बावरली. "म्हणजे..."

"म्हणजे भावोजी बोलणार नाहीत." मग धाकट्याकडं वळून, "भावोजी, तुम्ही माझ्या लेकीचं कधी वाईट चिंतलं नाही. आता वाईट करूही नका. तिसरी फेरी आहे. चौथी नाही."

"वहिनी, ते औषध उद्या माणसांना लावतील."

"उद्या नाही लावत. दहा वर्षं लागतात, तीच सांगत होती. दहा वर्षांत कुणीतरी शोधून काढेल."

"आणि तोवर ती त्याच्यावरच राबेल. नसलेल्या गोष्टीवर. पाच वर्षं."

वहिनीनं पदर कमरेला खोचला, काढला, परत खोचला. "राबू दे," ती म्हणाली, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. या दोघी एका बाजूला झाल्यावर धाकट्याची काय टाप? तो चहाचा ट्रे उचलून गुमान बाहेर आला.

बाहेर थोरला खुर्चीत, पाय स्टुलावर. डॉक्टर खिडकीपाशी, मांडीवर प्रयोगाची वही. थोरल्याला हे शिक्षण पहिल्यापासून पसंत नव्हतं. तो म्हणायचा, एवढ्या वर्षांत मी तीन गाड्या जुन्या केल्या, ही अजून शाळेतच. त्यामुळं तिघं तीन तोंडांनी बाहेर आलेली बघून त्यानं विचारलं, "काय, सैपाकघरात मतदान झालं का?"

कुणी हसलं नाही.

"काही नाही," आत्या म्हणाली.

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे. धाकट्या, तू सांग."

धाकट्यानं ट्रे ठेवला. वहिनीनं मान हलवून नाही म्हटलं. आत्यानं डोळे वटारले. आणि धाकटा, कुणाशी कधी वाद न घातलेला माणूस, पुतणीकडं न बघता, स्टुलाकडं बघत सगळं सांगून मोकळा झाला. वरची फळी, वारा, टिकली, मूठभर कागद, सकाळी सात. पंधरा दिवस.

सांगून झाल्यावर त्यानं ट्रेवरचे कप उगाच सरळ केले.

वहिनी पहिल्यांदा थोरल्याकडं वळली. तिला वाटलं हा म्हणेल, बरं झालं, संपलं एकदाचं ते शिक्षण. "तुम्ही तरी सांगा यांना. आत्ता हे बोलायची गरज होती का?"

थोरल्यानं पाय खाली घेतले. गुडघा धरून बसला. "डेपोत गाडी आणून लावायची," तो म्हणाला, "ब्रेक नीट लागत नाहीये, आणि पुढच्या ड्रायव्हरला न सांगता घरी यायचं. असं एकदा एकानं केलं होतं. दमला होता बिचारा. लिहून ठेवायचा कंटाळा केला." त्यानं गुडघा चोळला. "मला हिचं शिक्षण नको होतं ते नको होतं. पण घेतलंय तर असलं नको."

"म्हणजे तुम्हीही त्यांच्यात?"

"मी कुणात नाही. मी बसलोय."

सगळ्यांच्या नजरा डॉक्टरकडं. तिनं रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. तिनं वही उघडली, मागच्या पानातून काहीतरी काढलं आणि चहाच्या ट्रेवर ठेवलं. बोटाएवढी पट्टी. मऊ कागदाची, नखानं चिरलेली.

"बुधवारी मिळाली. पिंजऱ्याच्या झाकणाला अडकली होती."

धाकट्यानं पट्टी उचलून बघितली. "तुला माहीत होतं?"

"असं फाडणारी माणसं माझ्याशिवाय चारच. आजोबा गेले. बाबांच्या हातून आता फाटत नाही, आत्या प्राणीघरात जात नाही." तिचा आवाज फार थकलेला होता, रात्रभर प्रवास केल्यासारखा. "बुधवारपासून वाट बघत होते, काका. तू सांगतोस का."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर मीही गप्प बसले असते. शुक्रवारी मॅडमपुढं गप्पच बसले की. त्या जागा तुझी म्हणाल्या आणि मी थँक्यू म्हणाले." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "त्या दिवसापासून झोप नाही मला. तुझ्यावर राग काढू की माझ्यावर, तेच ठरत नाही."

"माझ्यावर काढ," धाकटा म्हणाला. "मला सवय आहे. साहेब काढतातच."

आत्ता कुठं ती हसली, तेही अर्धंच. वहिनी मात्र भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिच्या शेजारी आत्या बसली. ट्रेवरचा चहा निवून गेला. तो तसाच सगळ्यांनी प्यायला.

उठताना डॉक्टर म्हणाली, "मी एकटी जाते. प्राणीघराकडून चूक झाली म्हणेन. नाव घेत नाही."

"संध्याकाळच्या पाळीला मी एकटाच असतो," धाकटा म्हणाला. "नाव न घेता कुणाचं घेणार?"

सोमवारी सकाळी दोघं एकाच दारानं आत आली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. ती नेहमी पुढच्या काचेच्या दारानं, तो मागच्या, भुशाच्या गोण्या उतरवतात त्या दारानं. त्या दिवशी तो पुढच्या दारापाशी अडखळला, पायपुसण्यावर बूट चार वेळा पुसले. पहारेकरी म्हणाला, "काका, इकडून कुठं?" तर डॉक्टर म्हणाली, "माझे काका आहेत. माझ्याबरोबर आहेत." धाकटा मला सांगताना या वाक्यावर नेहमी थांबतो. पुढचं सगळं एका दमात सांगतो, इथं थांबतो.

मॅडमच्या खोलीबाहेर बाक आहे, तुम्ही बघितला असेल, एक पाय आखूड. त्यावर दोघं डुलत बसली. मग आत. डॉक्टरनं पट्टी टेबलावर ठेवली. धाकट्यानं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी चष्मा कपाळावर चढवून डोळे मिटून बसल्या. कितवी अशी सकाळ असेल त्यांची, देव जाणे.

"घरट्यानं जखम लवकर भरते हे जुनं आहे," त्या म्हणाल्या. "खूप जणांनी लिहून ठेवलंय. तुमच्याकडून नवीन काही कळलं असं समजू नका."

"नाही मॅडम."

"आणि तू." डॉक्टरकडं वळल्या. "एक गट सगळा वर, दुसरा सगळा खाली. हे तर काकांनी नाही केलं. मिसळून ठेवले असतेस तर कागद घातलेला पहिल्याच आठवड्यात कळला असता. पिंजरे कसे लावायचे हे पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवलंय ना?"

"शिकवलंय. घाईत होते."

"घाई," मॅडम म्हणाल्या, जणू तो एखाद्या रोगाचा प्रकार आहे. "सही आज नाही. जागा धरून ठेवता येणार नाही मला, दुसरा एक विद्यार्थी वाट बघतोय, त्याचं काम तयार आहे. समितीकडं तुझ्यासाठी सहा आठवडे मागते. सगळं पहिल्यापासून. औषध चाललं नाही तरी हरकत नाही. मला आकडा खरा हवा. त्यानंतर जागा उरली असेल तर बोलू."

"आणि काका?"

"ते माझ्या हातात नाही."

खरंच नव्हतं. एकतीस वर्षांत पहिलं ठपक्याचं पत्र धाकट्याला मिळालं. प्रशिक्षण देणं बंद, पिंजऱ्यांना हात लावणं बंद, उरलेले अकरा महिने तळघरात पिंजरे धुवायच्या यंत्रापाशी. त्यानं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि खाली जाण्याआधी वर येऊन माझ्याकडं किल्ल्या दिल्या. म्हणाला, "ते वाऱ्याचं तोंड फिरवायचा अर्ज मी चार वेळा दिलाय. पाचवा तू दे." दिला. फिरतोय अजून टेबलांवरून.

त्या सहा आठवड्यांतला हा तिसरा. वहिनी डबा पाठवते, एक डॉक्टरचा, एक तळघरात. पोचवायला कधी कधी आत्या येते, दोघी आता फोनवर बोलतात म्हणे, बऱ्याचदा धाकट्याला शिव्या घालायलाच.

आता शनिवारी तुम्ही एकटे असाल. डॉक्टरचे बारा पिंजरे या वेळी मिसळून लावलेत, सहा वर, सहा खाली, दोन्ही फळ्यांवर दोन्ही मलमं. बाराही कार्डांवर लाल टिकली. संध्याकाळी यंत्र जोरात लागलं की वरचे सहा कोपऱ्यात अंग चोरून बसतील. तुम्हाला बघवणार नाही. मला नाही बघवत. तरी कागदासाठी खिशात हात घालू नका. फळीखाली वही टांगलीय, त्यात वेळ लिहा, काय दिसलं ते लिहा, आणि डॉक्टरला फोन लावा, नंबर पहिल्याच पानावर आहे. पुढचं ती ठरवेल.

आणि एक. पाळी संपवून मागच्या दारानं निघाल तेव्हा तळघराच्या जिन्यापाशी तो उभा असेल, हात ओले, अंगावर रबराचा एप्रन. उगाच हवापाण्याचं काहीतरी बोलेल, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारेल, "वरच्या फळीवर कसं आहे?" तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून ठीक आहे असं म्हणू नका. जे दिसलं असेल ते सांगा. एवढं माझ्यासाठी करा.